मांडीत न मावणारा मुलगा

ड्रॉइंगच्या बाई कधी उभ्या राहून शिकवत नसत. फळा खुर्चीजवळ ओढून घ्यायच्या आणि बसल्या बसल्या त्यावर बैल, घागर, बसलेला माणूस असं काहीही काढायच्या. "उभं राहायचं काम घरी लय होतंय," म्हणायच्या. त्यांच्या नवऱ्याला लकवा मारला होता. पहाटे उठून त्यांना उचलायचं, आंघोळ घालायची, भरवायचं आणि मग बोरीहून एसटीनं जिंतूरला शाळेत यायचं. स्टाफरूममध्ये पिशवी टेकवताना "आले बाई एकदाची" हे ठरलेलं. मी मराठी शिकवायचो. माझं टेबल त्यांच्या शेजारी.

कुणाही पोरानं चित्र दाखवलं की त्या एकच विचारायच्या, "वजन कुठं हाय ह्यात?" पोरं गोंधळायची. मग बाई पेन्सिलीनं दाखवायच्या, घागर घेतलेल्या बाईची कंबर कुठल्या बाजूला जाते ते.

त्यांचा एक जुना विद्यार्थी शहरात जाऊन शिल्पकला शिकला. त्यानं शाळेला एक शिल्प भेट दिलं. सळया आणि सिमेंटचं. भुईवर बसलेली म्हातारी आणि तिच्या मांडीवर आडवा, मेलेला तरणा मुलगा. गेटजवळ बसवलं आणि लगेच कुरबुर सुरू झाली. "लेकरं सकाळी सकाळी मढं बघून शाळेत येतेत," संस्थेचे एक सदस्य म्हणाले. फोडून टाकायचं जवळजवळ ठरलंच, तेव्हा बाई म्हणाल्या, "मला एकदा बोलू द्या."

बैठकीत त्यांनी एक छापील चित्र मधे ठेवलं. इटलीतल्या चर्चमधली, कित्येक शतकांपूर्वीची संगमरवरी मूर्ती होती ती. क्रूसावरून उतरवलेला येशू त्याच्या आईच्या, मेरीच्या मांडीवर.

"ही आई केवढी थोराड हाय बघा," बाई म्हणाल्या. "उठून उभी राहिली तर पोराच्या वर जाईल. पण शिल्पकारानं तिची मांडी कपड्याच्या चुण्यांत दडवली, म्हणून पोरगं आरामात मावतंय. चेहरा तर कोवळ्या पोरीचा. आता आपली बघा. लुगड्याला चुण्या न्हाईत. मांडी एवढीशी. पोराचे पाय भुईला घासायलेत. आपल्या शाळेच्या पोरानं ती मूर्ती बघितली आन् विचारलं, साध्या बाईनं एवढं वजन ठेवायचं कुठं?"

मग कुणीतरी म्हणालं, "म्हणजे मूर्ती ख्रिस्ती हाय तर!"

बाई खाली बसल्या. पुढं बराच वेळ धर्मावरच बोलणं चाललं. ज्यानं विचारलं त्याला त्या पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिल्या, आवाज न चढवता. शेवटी फोडायचं रद्द झालं; शिल्प शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ हलवायचं ठरलं. बाहेर पडताना मी त्यांचं अभिनंदन केलं. "वाचली तेवढं पुरे," म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत त्या डबा घेऊन तिथं बसायला लागल्या. मीही जायचो. एकदा जेवता जेवता म्हणाल्या, "पाठ बघा सर तिची. एवढं वजन घेतल्यावर आधी पाठ वाकती, मग मान. बरोबर धरलंय पोरानं." त्यांना हे कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान गेले. बाई शाळेत परतल्या तर जो तो म्हणायचा, "सुटल्या बाई." त्या मान हलवायच्या. टाकीजवळ माझ्याशी बोलल्या, "सुटले हे खरंच हाय सर. पण पहाटे हात आपोआप उचलायला पुढं जायलेत."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "बाई, ही म्हातारी रडत का नाही?"

बाईंनी डब्यावरून नजर उचलून शिल्पाकडं पाहिलं.

"दमलीय हो ती. रडायला उसंत लागती."

घंटा झाली. बाई उठल्या नाहीत. डबा तसाच उघडा ठेवून त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचा तास मी घेतला, आणि त्याच्या पुढचाही.