रोम ते लिस्बन, नऊ रोजऱ्या

दुबईत अल कुसैसच्या ऑफिसात बारा वर्षं मी लोकांना युरोपची तिकिटं विकतोय. कुठून कुठे किती किलोमीटर, किती तास, झोपेतून उठवून विचारा. माझी आई मात्र किलोमीटर मानत नाही. वसईची बाई, विमानाला जाम घाबरते, आणि जीव मुठीत धरून अंतर रोजरीत मोजते. माळेचा एक फेरा वीस मिनिटांचा, म्हणजे तासाला तीन. प्रत्येक रोजरी कुणाच्या तरी नावाने.

लिस्बनजवळच्या फातिमा गावच्या चर्चमधल्या मातेचं दर्शन हा तिचा जुना ध्यास. दुबई ते रोम ती डॉक्टरची गोळी घेऊन झोपून आली. गोळी एकच मिळाली होती. पुढचं विमान अकराला निघून एकला पोचणार, असं तिकिटावर होतं. “दोन तास,” मी ऐटीत सांगितलं. तिने सहा नावं पक्की केली.

साडेअठराशे किलोमीटरला तीन तास लागतात, हे गिऱ्हाइकाला मी डोळे मिटून सांगितलं असतं. लिस्बनचं घड्याळ रोमच्या एक तास मागे. माझ्या घरात भिंतीवर दुबईचं एक आणि वसईचं एक अशी दोन घड्याळं आहेत, तरी मी माती खाल्ली.

सहावी रोजरी संपली तरी खाली ढगच. आईने माझा दंड आवळला. “विमान वाट चुकलंय.”

माझी मुलगी हेडफोन न काढता म्हणाली, “पपा, लिस्बन इज वन अवर बिहाइंड. सो बेसिक.”

“हबीबी,” आई मला म्हणाली, “तू तिकिटंच विकतोस ना?” आणि तिने पुन्हा माळ धरली.

उतरल्यावर मी विचारलं, या वरच्या तीन कुणासाठी?

“तुझ्यासाठी. सहात तू नव्हतास.”

सहात बाबा होते, मावशीचा गुडघा होता, सून, नात, गावचे फादर, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा अडकलेला व्हिसा. व्हिसासुद्धा माझ्या आधी. चाळिशी उलटलेल्या माणसाला शोभत नाही, पण मला फार वाईट वाटलं.

फातिमाला मेणबत्त्या लावून झाल्या. परतीच्या तिकिटावर दोन ते सहा लिहिलं होतं. दिसायला चार, खरे तीनच. हा हिशेब आता मला पक्का येत होता. तरी मी सांगितलं, “चार तास.” शुद्ध लोभ. आईने बारा रोजऱ्या योजल्या; शेवटच्या तीन माझ्या.

नववी संपली आणि चाकं रोमच्या धावपट्टीला टेकली. मुलगी उठली, “यल्ला पपा, चला.” मी आपल्याच कर्माने पुन्हा यादीबाहेर.

सामानाच्या पट्ट्यापाशी मी बॅगेला हात घातला, तर आई बाकावर बसलेली, माळ हातात.

“राहू दे त्या बॅगा,” ती म्हणाली. “तुझ्या तीन बाकी आहेत.”

तासभर पट्ट्यावर आमच्याच दोन बॅगा फिरत होत्या. मी त्या उचलल्या नाहीत.