जुना केलेला माणूस

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सातपूरचा दिलीप नावाचा कामगार सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडला आणि परतला नाही. त्याचा अलीकडचा एकच फोटो घरात होता. तो जुनेकाकांनी जुना केलेला होता.

जुनेकाका हे त्यांचे खरे नाव नव्हे. आमच्या दैनिकाच्या कार्यालयाखाली त्यांचे फोटोचे दुकान होते. आता ते बंद आहे आणि काका येवल्याला मुलीकडे असतात. काल काढलेला फोटो आजोबांच्या काळातला वाटावा असा करून देणे, ही त्यांची ख्याती. आधी सगळा फोटो पिवळट तपकिरी, मग कडांना वाळवीने खाल्ल्यासारख्या खुणा, मग मधोमध घडीची रेघ. ती रेघ ते श्वास रोखून ओढत. "घडी पडल्याशिवाय फोटो घरातला वाटत नाही," असे म्हणत.

लग्नाच्या वाढदिवसाचे जोडपे आले की सगळे रंग काढून बाईच्या साडीचा रंग तेवढा ते ठेवत. पैठणी असेल तर काठाची जरही सोडत नसत. माझे काय, असे नवऱ्याने विचारले की उत्तर ठरलेले: "तुम्ही ओळखू येताय ना? पुरे." असाच फोटो करून घ्यायला आलेला दिलीपही त्यावर हसला होता, असे त्याची बायको सविता हिने नंतर सांगितले.

तिसऱ्या दिवशी ती तो फोटो चौकटीसकट घेऊन आली. बेपत्ताच्या बातमीसाठी मीही तेव्हा खाली उतरलो होतो. पोलिसांत तक्रार झाली होती. दिलीपचा फोन बंद, तिच्याकडे साधा बटणांचा. लग्नातले फोटो चौदा वर्षांपूर्वीचे. आधार कार्डावरचा चेहरा सख्ख्या भावालाही ओळखू येईना. कारखान्यात विचारल्यावर तिला कळले होते, की दिलीपला दोन महिन्यांपूर्वीच कामावरून कमी केले होते. डबा तो रोज नेत होता. गोदावरीला त्या आठवड्यात पाणी होते. नदीचे नाव दुकानात कोणी काढले नाही.

काकांनी संगणकात मूळ फोटो शोधला. तो नव्हता. जागा वाचवण्यासाठी ते तयार काम मूळ फोटोवरच साठवून ठेवत. रंगीत दिलीप कुठेच शिल्लक नव्हता.

मग काकांनी उलटे काम सुरू केले. घडीची रेघ दिलीपच्या गालावरून गेली होती. पोस्टरवर ती जखमेचा व्रण वाटली असती. ती पुसायला सर्वांत जास्त वेळ लागला. सविता शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होती. चेहऱ्यात रंग भरला तेव्हा ती म्हणाली, "एवढे गोरे नाहीत ते, काका."

"सगळे गोरंच करून मागतात, ताई. हात सवयीनं तिकडंच जातो."

"हे उन्हात हिंडतायत. काळे करा."

काकांनी केले.

पोस्टर सिन्नर, चांदवड, येवला इथल्या एसटी स्टँडवर लागले. सविताच्या खोलीत रेंज नसे, म्हणून पोस्टरच्या खाली काकांचा नंबर दिला होता. ती रोज दुकानात येऊन बसे. फोन वाजला की काका आधी तिच्याकडे पाहत, मग उचलत. एकाने असे फोटो कितीला करून देता, हे विचारले. काकांनी त्याला भाव न सांगता फोन ठेवला. त्या दिवसांत त्यांनी दुसरे काम हातात घेतले नाही.

पोस्टर लागल्यावर तिसऱ्या दुपारी आलेला फोन त्यांनी तिच्या हातात दिला. आवाज मोठा असल्याने आम्हालाही ऐकू आला. दिलीप चांदवडला कांद्याच्या गोण्या उतरवण्याचे काम करत होता.

"ते पोस्टर काढ. लोक बघतायत माझ्याकडं."

"तुम्ही स्टँडवर या. मग काढते."

"कामाचं कळलं का तुला?"

"कळलं. स्टँडवर या."

काकांनी शटर ओढले आणि तिच्याबरोबर एसटीने चांदवडला गेले. रात्रीच्या पानातून बेपत्ताची बातमी काढायची की ठेवायची, हे ठरवण्यासाठी मी संध्याकाळी त्यांना फोन केला. पोस्टर दिलीपने नखांनी खरवडून स्वतःच काढले होते. तिघे नाशिकच्या गाडीत बसले होते.