तेलाचा डाग

माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनिअर आहे, आणि हे वाक्य मला आजही सरळ तोंडाने म्हणता येत नाही. आधी मी होतो. मेडिकलमध्ये साखर निघाली, इन्शुलिन सुरू झालं आणि माझा समुद्र संपला. आता निपाणीत ट्रॅक्टर आणि जनरेटर खोलतो. आई धाकट्याचं कौतुक मराठीत सांगून दमली की कन्नडमध्ये सुरू करते. माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, खोटं कशाला बोलू?

मला एकाच गोष्टीचा आधार होता. इंजिनचं तेल बिघडलंय का, हे ओळखायला त्याला मी शिकवलं. आमच्याच अंगणात, ट्रॅक्टरच्या तेलाचा थेंब टिपकागदावर सोडून. मधे काळंकुट्ट राहिलं तर काजळी, भोवती फिकट कडं लांब पसरलं तर डिझेल मिसळतंय. तापल्या तव्यावर थेंब तडतडला तर पाणी. त्या तव्यापायी आईच्या शिव्याही मीच खाल्ल्या. म्हणून तेलाची शंका आली की तो अजून मला फोन करतो. त्या दिवशी मी गल्लीतून जरा ताठ चालतो.

परवा आई दिवस मावळायच्या आत जेवायला बसली होती, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला. त्याने डाग पडलेला कागद पुढे धरला.

"अण्णा, जनरेटरचं तेल हाय. काय वाटतंय?"

फिकट कडं पार कागदाच्या काठाला गेलं होतं.

"तडतडलं काय?"

"न्हाय."

"तेलाची पातळी?"

"वाढाय लागलीया. वास बी डिझेलचा येतोय."

"मग रं! तेल पातळ झालंय. असंच चालवलंस तर बेअरिंग जाईल. बंद कर, अन् पयला फ्युएल पंप खोल. तिथनंच डिझेल गळतंय."

"व्हय अण्णा. तुझ्याबिगर कोण सांगणार?"

आईचा घास हातातच राहिला. "बघ, अजून तुझ्याबिगर त्याचं चालत न्हाय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याने कागद खाली घेतला. मागे कामाचं टेबल दिसलं. त्यावर फडकं अंथरून फ्युएल पंप ठेवला होता, सगळा सुटा केलेला, पुसून लख्ख. शेजारी नव्या सीलचं पाकीट फोडलेलं.

मी काय बघतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. "आत्ता खोलतो बघ," तो म्हणाला.

जहाज त्याचं, बंदरं त्याची, आईच्या दोन्ही भाषा त्याच्या. आणि आता थोरल्याची समजूत काढायचं कामही त्यानेच घेतलं होतं. एवढा तर मी त्याच्यावर कधीच जळलो नव्हतो.

"काय झालं रं?" आईने विचारलं.

"काय न्हाय," म्हणालो, आणि फोनकडे तोंड करून ओरडलो, "बेतानं खोल रं, सील फाटंल!"