एक पाऊल पुढे

आमच्या ह्यांना, म्हणजे सार्जंट क्लाइव्ह थॅकरेला, सैन्यानं बावीस वर्षांत एकच गोष्ट शिकवली. ख्रिसमसच्या पहाऱ्याला माणूस हवा असला की रांगेतून कुणीतरी एक पाऊल पुढे यायचं. मग बाकीचे सुटतात. ते पाऊल दरवेळी ह्याचंच. बावीसपैकी नऊ ख्रिसमस मी पोरींना घेऊन एकटीनं काढलेत, म्हणून मला ठाऊक.

सैन्यात माणसांची कपात जाहीर झाली त्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या आमच्या कॅटरिकच्या छावणीत दुसरा विषय नव्हता. ज्यांना आपणहून जायचंय त्यांनी अर्ज द्या, उरलेले आम्ही निवडू, असं वरून आलं. एका दुपारी शेजारची रिअन केक घेऊन दारात उभी. सातवा महिना, आणि डोळे सुजलेले. तिचा नवरा गेथिन क्लाइव्हच्या हाताखाली गाड्या दुरुस्त करणारा कॉर्पोरल.

"तुमचे उपकार कसे फेडू गं? क्लाइव्हनं अर्ज दिला. आता गेथिन वाचेल, आमचं क्वार्टर वाचेल."

मला पत्ताच नाही! केक ठेवून घेतला, दार लावलं आणि संध्याकाळी ह्याला धारेवर धरलं.

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"त्याच्याकडे बाळ येतंय, जनीन. कुणीतरी पुढे व्हायला नको?"

"दरवेळी तूच का रे, शहाण्या?"

त्यानं रिअनचा केक कापायला घेतला. मनातून मला त्याचा अभिमानही वाटला, हे कबूल करते. तोंडानं बोलले नाही.

जूनमध्ये जाणाऱ्यांची यादी आली. सकाळी एकेकाला साहेबांनी आत बोलावलं. क्लाइव्ह हसत बाहेर आला. अर्ध्या तासानं गेथिनला बोलावणं आलं.

क्लाइव्ह तडक कार्यालयात गेला. तिथल्या कारकून बाईनं अर्जाचं दुसरं पान उलगडून समोर ठेवलं. कमी करायच्या सार्जंटांची संख्या वेगळी, कॉर्पोरलांची वेगळी. "तुमच्या जाण्यानं त्याच्या संख्येत काय फरक पडणार, सार्जंट?" इंजिनाचं पुस्तक पानन् पान वाचणाऱ्या माणसानं हे पान वाचलंच नव्हतं.

"मग माझा अर्ज परत द्या."

"मंजूर झाला तो."

सैन्य सोडणाऱ्यांसाठीच्या पुनर्वसनाच्या वर्गात दोघं शेजारी शेजारी बसायचे. शिकवणारी बाई मुलाखतीची तालीम घ्यायची. नोकरी का सोडली?

"मी आपणहून सोडली," क्लाइव्ह म्हणाला.

"छान. हे ठासून सांगा. आणि तुम्ही?"

"मला काढलं," गेथिन म्हणाला.

"तो शब्द नका वापरू."

"मग कुठला वापरू, बाई?" अख्खा वर्ग हसला, गेथिनसुद्धा. क्लाइव्ह सोडून.

गावच्या बस डेपोत मिस्त्रीची एकच जागा निघाली. दोघांनी अर्ज केले. वस्ताद पहिला की मी, अशी गेथिननं क्लाइव्हची थट्टाही केली. मुलाखतीहून क्लाइव्ह आला तो जिन्याच्या पायरीवरच बसला, बूटही काढले नाहीत.

"मला घेतलं."

"आणि गेथिन?"

"मॅनेजर म्हणतो, पोरगा हुशार आहे, पण सैन्यानंच काढलाय म्हणजे काहीतरी कारण असणार. तुम्ही स्वतःहून सोडलीत, ते बरं."

"तू सांगितलंस ना त्याला?"

"सगळं सांगितलं. मी अर्ज का दिला, तेही."

"मग?"

"म्हणाला, फार मोठं मन आहे तुमचं. सोमवारी सहाला या."

मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर, ते अजून कळत नाही. "मी नाही जात," क्लाइव्ह म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाहून मी म्हटलं, "जायचं." दोन पोरी आहेत मला, आणि सप्टेंबरात आमचंही क्वार्टर जाणार होतं.

रिअनची खोकी ट्रकमध्ये चढली तेव्हा मी पडद्याआड उभी होते. निरोप द्यायला गेले नाही. क्लाइव्ह डेपोत होता. डबा मीच भरून दिला होता.