ओव्हनची मागची बाजू

थोरली सून म्हणून घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. आठवडाभर ती टेलरच्या दुकानात कॉलर शिवायची, आणि तिच्या कॉलरची दोन टोकं कधी कमीजास्त झाली नाहीत. पण कॉलरचं कौतुक कोण करतं? कौतुक व्हायचं ते रविवारी संध्याकाळी, जेवणाआधी ती चीज ब्रेड भाजायची तेव्हा. फुगलेलं पीठ लाटायचं, लसूण घातलेलं लोणी फासायचं, वर किसलेलं चीज पसरायचं, गुंडाळी करून काप ट्रेमध्ये मांडायचे. सासरे ओव्हन तापायच्या आधीच टेबलाशी येऊन बसत. तेवढ्यासाठी थोरली आख्खा आठवडा काढायची.

मग धाकटी जाऊ आली. हसरी, बोलायला गोड. थोरलीच्या पोटात दुखायला तेवढं पुरलं. धाकटीने पडदे बदलले, वाहवा. सासऱ्यांचा चष्मा पुसून दिला, तरी वाहवा. तोच चष्मा थोरलीने इतकी वर्षं पुसला होता, तेव्हा कुणी तोंड उघडलं नव्हतं. आणि एका रविवारी धाकटी म्हणाली, "ताई, आज ब्रेड मी करू? तुम्ही जरा बसा."

"कर की," थोरली म्हणाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

कृती तिने सगळी सांगितली. मीठही बरोबर सांगितलं; तेवढी वाईट ती नव्हती. एक गोष्ट मात्र गिळली. त्यांचा ओव्हन मागून फार तापायचा. अर्ध्यावर ट्रे फिरवला नाही, तर मागची रांग करपायची. सांगितलं नाही आणि हाताची घडी घालून टेबलाशी बसली. करपल्याचा वास आला तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

ट्रे आला. मागची रांग काळपट, चीज कडेला ओघळून त्याची कडक जाळी झालेली. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. सासऱ्यांनी त्यातला एक तुकडा कुर्रकन मोडला. मग दुसरा घेतला. थोरलीच्या नवऱ्याने, तिच्या स्वतःच्या नवऱ्याने, ट्रेला चिकटलेली चीजची जाळीसुद्धा सुरीने खरवडून खाल्ली आणि म्हणाला, "असा कधी झाला नव्हता आपल्याकडे."

हे वाक्य थोरलीच्या डोक्यातून आठवडाभर जाईना. त्या नादात एक कॉलर चक्क वाकडी शिवली, मालकाने उसवायला लावली.

पुढच्या रविवारी तिने ट्रे आत सरकवला आणि ठरवलं, फिरवायचा नाही. हिच्यापेक्षा कुरकुरीत करून दाखवते. पण हाताची सवय वाईट, म्हणून ती मुद्दाम गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली.

खाली आली तर ब्रेड टेबलावर. सगळे तुकडे एकसारखे सोनेरी, नेहमीसारखे.

"आज ती कडक रांग नाही का?" सासरे ट्रेमध्ये शोधत होते.

धाकटी जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, आपला ओव्हन मागून जास्त तापतो. माझा त्यानेच करपला होता. तुम्ही वर होतात, म्हणून मी ट्रे फिरवला. त्या दिवशी सगळ्यांनी माझं मन राखायला खाल्लं, मला काय कळत नाही? तुमचा तरी वाया जायला नको."

थोरलीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण बोलायचं, तर ओव्हनचं आपल्याला आधीपासून ठाऊक होतं हे सांगावं लागलं असतं.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि एक सोनेरी तुकडा उचलून गुमान खाऊ लागली.