मूळ प्रोग्रामला हात न लावणारे दगाजीसर

साठीच्या गौरवग्रंथात तक्रार छापणे शोभत नाही, हे मला कळते. तरी नोंदवतो. दगाजीसरांच्या नंदुरबारच्या घरी पाहुण्यांसाठी जी खुर्ची आहे, तिचा एक पाय आखूड आहे. वीस वर्षांपूर्वी त्यांचा विद्यार्थी म्हणून मी प्रथम तिच्यावर डुगडुगलो. आज सहकारी म्हणून डुगडुगतो. पाय बदलण्याचे सुचवले की सर म्हणतात, "आराममा बठेल मानूस कोड नीट वाचत नही."

मी विद्यार्थी असतानाच सरांनी रनाळ्याच्या एका मिरची खरेदी केंद्रासाठी प्रोग्राम लिहिला, त्यात मी मदतनीस होतो. त्याची रचना त्यांच्या स्वभावासारखीच होती. आवक, वजन, पावती अशा प्रत्येक हुकमासाठी वेगळा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा स्वतंत्र तुकडा. मूळ प्रोग्रामला फक्त यादी ठाऊक: कोणता हुकूम कोणाकडे द्यायचा. काम कसे होते, याची त्याने चौकशी करायची नाही. नवे काम आले तर नवा क्लास लिहायचा, यादीत नाव घालायचे, बस्स. "घरमा नवा पाहुना उना, तर भिंत फोडतस का आपन? दार उघडतस," असे ते समजावत.

मी भिंत फोडली.

ऐन हंगामात ओल्या मिरचीच्या वजनात घट धरायची सूचना आली. सरांनी वेगळा क्लास लिहायला सांगितले. मला घाई होती, शिवाय स्वतःच्या हुशारीवर गाढ विश्वास होता. मी मूळ प्रोग्रामच्या पोटात एक जर-तरचा 'इफ' खुपसला. त्याची अट चुकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोरड्या मिरचीचीही घट कापली जाऊ लागली.

शांतारामबापू नावाचे शेतकरी पावती फडकवत आले. "सर, तुमना कंप्युटरनी मन्ही मिरची खादी! तिखट लागनी का नही त्याले?"

सगळे हसले. मी टेबलाखाली काही पडले आहे का, ते पाहू लागलो. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, चूक मन्ही शे."

मग त्यांनी माझा 'इफ' काढला, घटीचा वेगळा क्लास लिहून यादीत जोडला. बाकी कशालाच हात लागलेला नसल्यामुळे दुपारी काटा पुन्हा सुरू झाला. सकाळच्या सर्व पावत्या त्यांनी स्वतः नव्याने काढून दिल्या.  परतताना मला फक्त एवढेच म्हणाले, "आता कळनं ना, दार कशाले राहस?"

मात्र 'सरांचा काटा मिरची खातो' हे बोलणे रनाळ्यात राहिले ते राहिलेच. आसपासच्या केंद्रांची कामे सरांना मिळायची होती, ती दुसरीकडे गेली. सरांनी कधी खुलासा केला नाही. मीही केला नाही. इतरांच्या ढोंगावर बोट ठेवून लेख लिहिणारा माणूस मी; स्वतःच्या बाबतीत लेखणी अशी आवरती घेता येते, हे तेव्हा कळले.

सरांची प्रकृती त्यांच्या मूळ प्रोग्रामसारखी राहो: भोवती नवनवी कामे जोडली जावीत, आत कोणाला हात घालावा लागू नये. शंभरीच्या ग्रंथातही मला खुर्चीची तक्रार करता यावी.

लेख इथवर लिहून द्यायला निघालो, तेव्हा वाटेत रनाळ्याला उतरलो; पुढच्या ओळी नंतर जोडल्या आहेत. केंद्राच्या फळ्यावर, दिवसाच्या भावाखाली, मी खडूने लिहिले: 'कोरड्या मिरचीची घट कापली गेली, ती चूक दगाजीसरांची नव्हती.' खाली माझे नाव घातले.

शांतारामबापू भाव बघायला आले होते. त्यांनी ओळ दोनदा वाचली.

"तू व्हता का?"

"मीच, बापू."