मागच्या खोलीतला लोहार

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या कचेरीबाहेरच्या बाकावर. डोळे मिटून बसली होती. मांडीवर जाड कागद होता आणि उजव्या हाताचं बोट त्यावरून हळूहळू सरकत होतं. शाळा सुटायची वेळ झाली होती. आता जिन्यावरून मुलांचा लोंढा येणार, म्हणून मी घाईघाईने तिचा दंड धरला आणि म्हटलं, "चला, मी सोडते फाटकापर्यंत." ती मुकाट्याने उठली. "आता तीन पायऱ्या," मी म्हणाले. ती मोजून तीन पायऱ्या उतरली. फाटकापाशी तिने डोळे उघडले, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, मला दिसतं हो. पण तुम्ही इतक्या मायेने धरलंत, की मधेच सांगायचं जिवावर आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र हसू आवरत नव्हतं.

तिचा नवरा जन्मापासून आंधळा. लग्न ठरल्यावर तिने ब्रेल शिकायला घेतलं, तेही डोळे मिटून, कारण डोळे उघडे असले की बोटं आळशी होतात असं तिचं म्हणणं. पुढे ती आंधळ्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं ठिपक्यांत उतरवून देऊ लागली आणि आम्ही शिक्षक तिला ठिपकेवाली म्हणू लागलो. तोंडावरसुद्धा. तिला ते आवडायचं.

काम दोघांचं मिळून चाले. ती कॉम्प्युटरवर मजकूर बसवायची, यंत्र त्याचे ठिपके जाड कागदावर उठवायचं, आणि नवरा प्रत्येक पान बोटांनी वाचून चुका काढायचा. ते यंत्र म्हणजे काय प्रकरण होतं! चालू झालं की घणाचे घाव घातल्यासारखा आवाज. म्हणून ते मागच्या खोलीत, चहूबाजूंनी जुन्या गाद्या लावून ठेवलं होतं. घरात त्याला लोहार म्हणत. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, लोहार मागच्या खोलीत, आणि दोघांना जोडणारा राउटर मधल्या भिंतीवर, कपाटाच्याही वरच्या फळीवर. लोहाराला कॉम्प्युटर थेट जोडायची सोय होती, पण ती दोन वर्षांपूर्वीच निकामी झाली होती. जे काही जायचं ते राउटरमधूनच.

त्या घराचा एक नियम होता. जमिनीवर काही पडून राहता कामा नये. चप्पल नाही, पिशवी नाही, वर्तमानपत्रसुद्धा नाही. नवरा घरात काठीशिवाय वावरायचा, आणि इतक्या भरभर, की नवा माणूस बघतच राहायचा. फक्त एकदा पाहुण्यांनी बॅग वाटेत ठेवली आणि तो पडला. मनगट मोडलं. बोटांवर ज्याचं काम, त्याचं मनगट. त्यानंतर ठिपकेवाली सतत खाली बघत चालायची आणि दिसेल ते उचलायची.

मी निवृत्त झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी परीक्षा मंडळाचं पत्र आलं. आमच्याच शाळेत एक आंधळी मुलगी शेवटच्या परीक्षेला बसत होती. आदल्या वर्षी गणिताचा पेपर तिला कुणीतरी वाचून दाखवला होता. मोठमोठी समीकरणं एकदा कानावरून गेली की गेली. "परत वाचा" म्हणायची तिला लाज वाटली आणि ती नापास झाली. या वर्षी तिने अर्ज केला होता: पेपर मला माझ्या बोटांनी वाचायचा आहे. मंडळाने बराच काळ विचार करून हो म्हटलं. पेपर ठिपकेवालीच्या घरी, परीक्षेच्या दिवशीच सकाळी तयार व्हायचा, आणि तिथे देखरेखीला मी.

नियम कडक होते. पेपरचं पाकीट फुटल्यावर घरात आम्हा तिघांशिवाय चौथं माणूस येता कामा नये. कॉम्प्युटर एकच, आणि इंटरनेटची वायर आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायची. फोन माझ्या पिशवीत, बंद करून. मीच फक्त केंद्रप्रमुखांना एखादा फोन करायचा, तोही गरज पडली तर. परीक्षा अकराला. शाळा चालत दहा मिनिटांवर.

साडेसातला मी पाकीट फोडलं. ठिपकेवाली कामाला लागली. अपूर्णांक, वर्गमुळं, कंस, एकेक चिन्ह ती ओठ हलवत बसवत होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने पाठ ताठ केली. "झालं बाई. अठरा पानं. आता लोहार जाणे आणि त्याचं काम." आणि तिने बटण दाबलं.

मागची खोली गप्प.

तिने परत दाबलं. पडद्यावर एक चौकट आली: यंत्र सापडत नाही. खाली कोपऱ्यात छोट्या चित्रावर पिवळा त्रिकोण.

"नेटवर्कच नाही म्हणतोय," ती पुटपुटली. "काल संध्याकाळी तर चाचणीचं पान निघालं होतं! तुम्हीच वाचलंत ना हो?"

"वाचलं की," नवरा म्हणाला. तो दाराशी खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. "त्यानंतर कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही. मंडळाने सांगितलं तशी नेटची वायर काढली, बस."

तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पिवळा त्रिकोण जागेवर. मागे जाऊन लोहार बंद करून चालू केला. तो एकदा खाकरल्यासारखा करून गप्प झाला. मग स्टूल घेऊन ती वर चढली आणि राउटर बंद केला. "शंभरपर्यंत मोजा बाई," ती म्हणाली. मी मोजलं. आयुष्यभर मुलांना शंभरपर्यंत मोजायला शिकवलं, पण शंभर इतके लांब असतात हे त्या दिवशी कळलं.

राउटर चालू झाला. "दिवे लागले!" ती वरून ओरडली. "सगळे लागले. चांगले लुकलुकतायत."

आम्ही कॉम्प्युटरपाशी धावलो. त्रिकोण तसाच.

साडेनऊ.

"मला जरा वर हात घालू दे," नवरा म्हणाला.

"तुम्ही बसा हो. स्टुलावर चढून काय करणार? दिवे बघायचेत तिथे."

"दिवे तू बघ. मी वायरी बघतो."

"वायरी जागच्या जागी आहेत. एकही लोंबत नाहीये. तुम्ही पडलात तर मी पेपर बघू की तुम्हाला?"

तो खुर्चीतून उठला नाही. पण त्याचा अंगठा गुडघ्यावर सारखा घासला जात होता.

तिने कॉम्प्युटरकडची वायर काढून परत खोचली, लोहाराकडची काढून परत खोचली. वायर आतून तुटली असेल म्हणून पेटीतून दुसरी आणून लावून पाहिली. काही नाही. कॉम्प्युटरच्या आतल्या पानांत शिरून तिने काय काय तपासलं ते मला कळलं नाही. एवढंच कळलं, की राउटरने कॉम्प्युटरला स्वतःचा म्हणून एक क्रमांक द्यायला हवा होता, तो देतच नव्हता. "दिवे लागलेत, म्हणजे राउटर जिवंत आहे," ती स्वतःशीच बोलत होती. "जिवंत आहे तर बोलत का नाही मेला?" कपाळावरचा घाम तिने खांद्याला पुसला.

"दुरुस्तीवाल्याला बोलवू?" ती एकदम माझ्याकडे वळली. "समोरच्या गल्लीत आहे. पाच मिनिटांत येईल."

"चौथं माणूस," मी म्हणाले. "पेपर उघडा आहे."

"माहीत आहे बाई. मी आपलं विचारलं."

पावणेदहाला मी केंद्रप्रमुखांना फोन लावला. त्यांचा आवाज शांत होता, आणि तोच मला जास्त बोचला. "सव्वादहापर्यंत यंत्र सुरू झालं तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर मागच्या वर्षीसारखा वाचून दाखवू. वाचायला माणूस बसवून ठेवलाय. मुलगी आलीये, बाहेर बाकावर आहे."

मी फोन ठेवला. माझ्या तोंडावरूनच ठिपकेवालीला समजलं. ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर टाकून दिले. "बाई, मी त्या पोरीला शब्द दिलाय," ती म्हणाली. "परवा आली होती इथे. म्हणाली, काकू, एक चिन्ह कळलं नाही तर मी दहा वेळा बोट फिरवू शकते ना? म्हटलं, शंभर वेळा फिरव."

तेवढ्यात नवरा उठला.

त्याने कुणाला विचारलं नाही. आठ पावलं चालून तो कपाटापाशी आला, पायाने स्टूल चाचपलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत वर चढला. ठिपकेवाली किंचाळलीच. "अहो!"

"पाय धर," तो म्हणाला. "ओरडू नकोस, पाय धर नुसते."

तिने त्याच्या पोटऱ्यांना मिठी मारली. मी स्टूल धरलं. वर त्याचे हात राउटरवर पोहोचले. त्या घरातल्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्याने दोऱ्याच्या गाठी बांधून ठेवल्या होत्या, ओळखीसाठी. कॉम्प्युटरच्या वायरीला एक, लोहाराच्या वायरीला दोन, इंटरनेटच्या वायरीला तीन, आणि त्याच्या स्वतःच्या बोलक्या लॅपटॉपच्या वायरीला चार.

"एक गाठ," तो म्हणाला. "ही कॉम्प्युटरची. दोन, ही लोहाराची. तीन नाही, ती काढलीये. बरोबर. चार, ही माझी." बोटं पुढे सरकली आणि थांबली. परत मागे गेली. परत पुढे आली.

"काय झालं?" ती खालून म्हणाली.

"अगं, इथे परत चार आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या वायरीची दोन्ही टोकं राउटरमध्येच आहेत. एक या भोकात, एक त्या भोकात. माझा लॅपटॉप कुठाय?"

"कपाटात. मंडळाने एकच कॉम्प्युटर ठेवा म्हटलं होतं ना, म्हणून काल मीच काढून..." ती बोलता बोलता थांबली. मग तिने डोकं त्याच्या गुडघ्यावर टेकलं. "मीच केलं हो. लॅपटॉप काढला, तर वायरीचं टोक खाली जमिनीवर राहिलं. तुमच्या पायात येईल म्हणून उचललं. नेटची वायर काढल्याने वर एक भोक रिकामं होतं, त्यात खोचून दिलं. हात नुसता आपोआप गेला, बाई. लक्षातसुद्धा नाही राहिलं."

राउटर स्वतःचंच बोलणं स्वतःच ऐकत बसला होता. जे पाठवी ते फिरून त्याच्याकडेच परत येई, आणि त्या गोंधळात कॉम्प्युटरला उत्तर द्यायला त्याला सवड नव्हती. म्हणून तर दिवे इतके जोरात लुकलुकत होते. आम्हा दोघी डोळसांना ते बघून धीर येत होता!

"काढू?" नवऱ्याने विचारलं.

"काढा ना लवकर!"

त्याने चार गाठींचं एक टोक ओढलं. मी घड्याळाकडे बघितलं: दहा वाजून सात मिनिटं. ठिपकेवाली कॉम्प्युटरकडे पळाली. पिवळा त्रिकोण क्षणभर राहिला, मग नाहीसा झाला. तिने बटण दाबलं.

मागच्या खोलीत घणाचा पहिला घाव पडला. इतका कर्कश आवाज मला आयुष्यात कधी इतका गोड वाटला नव्हता.

पण घड्याळ काही थांबलं नव्हतं. अठरा पानं निघायला अकरा मिनिटं लागली. "असंच पाकिटात घालू का?" मी विचारलं. "वेळ नाही."

"न वाचता?" नवरा म्हणाला. "गणितात एक ठिपका चुकला की तिनाचे नऊ होतात, बाई. पोरगी बरोबर सोडवेल आणि उत्तर चुकेल."

तो टेबलाशी बसला. पानं निघतील तशी ठिपकेवाली आणून ठेवत होती. त्याची दोन्ही हातांची बोटं ओळींवरून धावत होती आणि तो हलक्या आवाजात समीकरणं म्हणत होता. मी समोर मूळ पेपर धरून ताडून बघत होते. ठिपकेवाली त्याच्या मागे उभी होती, एक हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर. पंधराव्या पानावर तो अडकला. बोट एका जागी तीनदा फिरलं. "इथे कंस बंद होत नाही."

तिने मूळ पेपर माझ्या हातातून घेतला, बघितलं. "माझी चूक." कॉम्प्युटर, बटण, एक पान, घणाचे घाव. त्याने ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडले नाही.

दहा सेहेचाळीसला मी पाकिटाला लाख लावली. ठिपकेवालीने चप्पल घातली, दोन पट्टे लावायचे ते एकच लावला, आणि आम्ही निघालो. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. ती माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "तू पळ गं पुढे." ती म्हणाली, "नियम आहे, बाई. पाकीट तुमच्याच हातात हवं." मग तिने माझा दंड धरला आणि मला जवळजवळ ओढतच नेलं.

अकराला तीन मिनिटं कमी असताना मी पाकीट केंद्रप्रमुखांच्या हातात दिलं. मुलगी वर्गात जाऊन बसली होती. दारातून मला तिची पाठ तेवढी दिसली, आणि पहिल्या पानावर टेकलेली दहा बोटं. ठिपकेवालीने आत पाहिलंच नाही. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून चपलेचा दुसरा पट्टा लावत होती, आणि तो काही केल्या तिच्याने लागत नव्हता.

मुलगी पास झाली. गणितात चौसष्ट.

त्यानंतरच्या वर्षापासून मंडळाने इतर विषयांचे पेपरही ठिपकेवालीकडे द्यायला सुरुवात केली. यंदा तिने अकरा मुलांचे पेपर काढले. आता ती साठीला टेकली आहे. नवऱ्याची बोटं अजून चांगली आहेत, पण कानांना कमी ऐकू येतं; लोहार चालू झालेला त्याला कळावा म्हणून लोहाराभोवतीच्या गाद्या त्यांनी काढून टाकल्या आहेत.